आंतरराष्ट्रीय राजकारण शिकून करावयाचें काय?

बारावीचा निकाल लागला म्हणजे शिक्षकाच्या दाराशीं पालकांची ये-जा सुरू होते. वैद्यकी, यंत्रविद्या, हिशेबनिशी व संगणक या चार वाटांविषयीं त्यांस फारशा शंका नसतात. त्या वाटा मळलेल्या आहेत. परंतु अलीकडे एखादा मुलगा, किंवा बहुधा एखादी मुलगी, "मला विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय राजकारण शिकावयाचें आहे," असें घरांत बोलून जाते आणि आईबापांची झोंप उडते. "सर, अमेरिका काय करते नि चीन काय करतो हें रोज वर्तमानपत्रांत येतेंच. त्यासाठीं पांच वर्षें आणि इतका पैसा खर्चावयाचा? आणि शिकून करावयाचें काय?" प्रश्न रोखठोक आहे व रास्तही आहे. जो बाप शेतमाल विकून किंवा कारखान्यांत रात्रपाळी करून फी भरतो, त्यास तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्यास उडवाउडवीचें उत्तर देणें शिक्षकास शोभणार नाहीं.

नेहमींचें उत्तर असें कीं, हा विषय घेतला म्हणजे परराष्ट्र सेवेंत प्रवेश मिळतो व मुलगा पुढें राजदूत होतो. हें उत्तर मला मुळींच मान्य नाहीं. भारतीय परराष्ट्र सेवेची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंतून होते, आणि त्या परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसूं शकतो. डॉक्टर बसतात, इंजिनियर बसतात, व पुष्कळदां तेच निवडले जातात. 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा त्या परीक्षेंत एक ऐच्छिक विषय आहे खरा, परंतु पदवीस तो न घेतलेल्या उमेदवारासही तो घेतां येतो. शिवाय लाखों उमेदवारांतून या सेवेंत पोहोंचणारे फारच थोडे. तेव्हां राजदूतपदाचें आमिष दाखवून मुलास या वाटेस लावणें म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर कर्ज काढण्यासारखें आहे.

माझें उत्तर निराळें आहे, आणि तें देण्यासाठीं दिल्लीपर्यंत जावें लागत नाहीं. आपल्या शरणपूरपर्यंत गेलें तरी पुरे.

शरणपूर रोडनें आपण रोज जातों-येतों. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीनें येथें ख्रिस्ती वसाहत वसविली, रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे चालक होते. याच वसाहतींत आफ्रिकेंतील मुक्त गुलामांसाठीं आश्रयस्थान होतें. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी गलबतांतून विकावयास नेलेलीं मुलें ब्रिटिश आरमारानें हिंदी महासागरांत सोडविलीं, मुंबईस उतरविलीं, व त्यांपैकीं कित्येक नाशकास आलीं. येथें तीं लिहावयास-वाचावयास शिकलीं, हातांस कसब लागलें. डॉ. लिव्हिंग्स्टन १८६६ सालीं आपल्या शेवटच्या प्रवासास निघाले, तेव्हां त्यांच्याबरोबर नाशिकच्या शाळेंतील नऊ जण होते. पुढें त्यांच्या मदतीस जी तुकडी धाडली गेली तींत जेकब वेनराइट हा आणखी एक नाशिककर होता. १८७३ च्या मे महिन्यांत आजच्या झांबिया देशांतील चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारले. जेकबनें तेथें प्रार्थना म्हटली, झाडावर त्यांचें नांव कोरलें, आणि चुमा, सूसी इत्यादि सोबत्यांसह त्यांचा मृतदेह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणिला. ता. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत दफनविधि झाला, तेव्हां शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत हा आपल्या गांवांत शिकलेला जेकब होता.

आम्हां ख्रिस्ती मंडळींत ही कथा दयेची कथा म्हणून सांगितली जाते. आणि ती दयेची कथा आहेच. परंतु तिचा अर्धाच भाग सांगण्याची आम्हांस संवय लागली आहे. उरलेला अर्धा भाग असा. ब्रिटिश आरमार त्या समुद्रांत केवळ मुलें सोडविण्यासाठीं फिरत नव्हतें. हिंदुस्थानाकडे येणारा मार्ग आपल्या मुठींत ठेवणें हें त्याचें मुख्य काम होतें. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८७३ सालीं झांजिबारच्या सुलतानाकडे गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह घेऊन गेले, तेव्हां सुलतान बर्घश प्रथम कबूल होईना. पुढें बंदराच्या नाकेबंदीची धमकी मिळाल्यावर त्यानें जूनमध्यें सही केली. त्याच झांजिबारच्या जकातीचा मक्ता बराच काळ एका कच्छी भाटिया पेढीकडे होता, म्हणजे आपल्या देशबांधवांचे हितसंबंधही त्या बाजारांत गुंतले होते. गुलामांचा बाजार बंद झाला. मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसलें. प्राइससाहेब स्वतः तेथें गेले व नाशकांतील कित्येक आफ्रिकी कुटुंबें आपल्या खंडांत परतलीं. आणि १८९० सालीं झांजिबारच ब्रिटनच्या संरक्षणाखालीं, म्हणजे सत्तेखालीं, गेलें.

आतां यांत करुणा कोणती आणि स्वार्थ कोणता? एकाच जहाजांत दोन्हीं बसून आलीं. करुणा खोटी होती असें म्हणणारा मनुष्य जितका आळशी, तितकाच स्वार्थ नव्हताच असें म्हणणाराही आळशी. जेकब वेनराइटच्या आयुष्यांत ती करुणा खरी ठरली, व झांजिबारच्या इतिहासांत तो स्वार्थ खरा ठरला. हीं दोन्हीं सत्यें एकाच वेळीं हातांत धरून, एकाचा बळी न देतां, विचार करणें हें अतिशय कठीण काम आहे. तें काम पद्धतशीर शिकविण्याचा जो विद्यापीठांतील अभ्यास, त्याचें नांव आंतरराष्ट्रीय राजकारण. प्रार्थनामंदिरांत जो एकदां हें शिकला नाहीं, त्यानें तें वर्गांत तरी शिकावें असें मला वाटतें.

दुसरें उदाहरण भगूरचें. देवळाली ओलांडली कीं भगूर आलें. तेथें १८८३ सालीं जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांच्या मतांविषयीं घरोघर दोन तट आहेत; त्यांत पडण्याचें मला येथें कारण नाहीं. मला त्यांच्या एका खटल्याविषयीं बोलावयाचें आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं येथल्या विजयानंद नाट्यगृहांत खून झाला. पुढें सावरकरांस लंडनमध्यें अटक होऊन 'मोरिया' नांवाच्या बोटीनें हिंदुस्थानांत आणिलें जात असतां, ता. ८ जुलै १९१० रोजीं मार्सेल्स बंदरांत ते बोटींतून निसटले व फ्रान्सच्या भूमीवर पोहोंचले. एका फ्रेंच पोलीस अंमलदारानें त्यांस धरलें आणि बोटीवरील लोकांच्या साह्यानें पुन्हां बोटीवर नेऊन दिलें. दुसऱ्या दिवशीं बोट निघून गेली. फ्रान्सच्या सरकारनें मागणी केली कीं, आमच्या भूमीवरून मनुष्य असा नेतां येत नाहीं. तो परत करा. प्रकरण हेग येथील लवादापुढें गेलें. पांच पंच बसले. बेल्जमचे माजी पंतप्रधान व १९०९ च्या शांतता-पारितोषिकाचे मानकरी बेर्नार्ट हे अध्यक्ष होते. ता. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं निकाल लागला: कैदी ताब्यांत देण्यांत अनियमितपणा झाला खरा, परंतु तेवढ्यामुळें त्यास परत करण्याचें बंधन ब्रिटनवर येत नाहीं.

आमच्या मुलांस ही उडी ठाऊक असते. निकाल ठाऊक नसतो. ठाऊक असला तर "साहेबांनीं साहेबांची बाजू घेतली" एवढ्यावर विषय संपतो. तो तेथें संपूं नये. बोट बंदरांत येण्यापूर्वींच ब्रिटिश व फ्रेंच पोलिसांत पत्रव्यवहार झाला होता, व कैद्यावर नजर ठेवण्याच्या कामीं फ्रेंच पोलीस साह्य करणार होते. पंचांचें म्हणणें असें कीं, यांत ब्रिटननें कपट किंवा बळजबरी केली नाहीं. फ्रान्सच्याच अंमलदारानें कैदी हवालीं केला. हा युक्तिवाद पटो वा न पटो. तो समजून घेतल्यावांचून त्यावर रागावणें म्हणजे पेपर न वाचतां उत्तर लिहिणें होय. आणि समजून घेतल्यावर जो प्रश्न उरतो तो अधिक खोल आहे. त्या लवादांत वादी फ्रान्स, प्रतिवादी ब्रिटन. ज्याच्या सबंध आयुष्याचा प्रश्न होता त्या मनुष्यास तेथें आवाज नव्हता, व त्याच्या देशासही नव्हता. इतकेंच नव्हे तर निकालाची वाट न पाहतां मुंबईच्या न्यायालयानें डिसेंबर १९१० व जानेवारी १९११ या दोन महिन्यांत त्यांस जन्मठेपेच्या दोन शिक्षा ठोठावल्याही होत्या. राष्ट्रांच्या दरबारांत एकट्या मनुष्याचें स्थान काय? निर्वासितांचें काय? ज्यांस देशच उरला नाहीं त्यांचें काय? हे आजचे प्रश्न आहेत, आणि त्यांचा धडा भगूरच्या एका मुलाच्या नांवें आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथांत छापलेला आहे. नाशिकच्या विद्यार्थ्यानें तो परक्या प्राध्यापकाच्या तोंडून प्रथम ऐकावा हें मला बरें वाटत नाहीं.

जुन्या गोष्टी पुरे म्हणाल तर ओझरला चला. तेथला विमानांचा कारखाना १९६४ सालचा. रशियन मिग विमानें नाशिक जिल्ह्याच्या माळावर कां बांधलीं गेलीं, याचें उत्तर नाशकांत सांपडणार नाहीं. पाकिस्तानास अमेरिकेकडून एफ-१०४ विमानें मिळालीं होतीं; १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें; भारतानें सोव्हिएट संघाशीं करार केला; आणि ओझरच्या आसपासच्या किती तरी घरांत पगार येऊं लागला. तें मिग-२१ ता. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं वायुदलांतून निवृत्त झालें. योगायोग असा कीं, चीनच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ सालीं लोकसभेवर निवडून गेले ते नाशकांतून, व तेही बिनविरोध. १९७४ पासून १९७७ पर्यंत ते परराष्ट्रमंत्री होते. देवराष्ट्र्याच्या शेतकऱ्याच्या या मुलानें पदवीस इतिहास व राज्यशास्त्र हे विषय घेतले होते.

आणि कांदा! लासलगांवच्या बाजारांत भाव पडला म्हणजे आम्ही पावसास, व्यापाऱ्यास व नशिबास दोष देतों. ता. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली व ४ मे २०२४ रोजीं ती बंदी उठली. तेवढ्या अवधींत कोणाच्या घरीं कोणतें लग्न लांबलें हें निफाड तालुक्यास विचारावें. त्यापूर्वीं २०१९ च्या सप्टेंबरअखेरही अशीच बंदी आली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या व भर सभेंत विनोदानें म्हणाल्या कीं, आपण आपल्या आचाऱ्यास कांदा घालूं नकोस म्हणून सांगितलें आहे, निदान आगाऊ सूचना तरी द्यावयाची होती. सभा हंसली. परंतु त्या विनोदांत शेजारी राष्ट्राची तक्रार होती, आणि तिच्या पाठीमागें आमच्या चाळींत सडणारा माल होता. आपण ऐन वेळीं पुरवठा तोडणारे आहों असें गिऱ्हाइकाच्या मनांत एकदां बसलें म्हणजे तें दुसरें दुकान शोधतें. द्राक्षांचेंही तसेंच. २०१० सालीं क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाचा अंश सांपडल्यामुळें युरोपांत आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले. तो नियम कोठें ठरला, कोणी ठरविला, त्याविषयीं कोणाशीं बोलावयाचें, हें जाणणारीं माणसें त्या वेळीं जिल्ह्यांत किती होतीं? औषधांची माहिती असणारे पुष्कळ होते. करार व नियम वाचणारे अगदीं थोडे.

हीच माझी खरी तळमळ आहे. जग आपल्या दारांत येतें तें आपली परवानगी विचारून येत नाहीं. परदेशीं जाण्याचा पासपोर्ट तर नाशिक रोडच्या छापखान्यांतच छापतात. परंतु त्या पुस्तिकेच्या आंतील जग समजणारे मात्र आम्ही बाहेरून मागवितों. परराष्ट्रनीति म्हणजे दिल्लींतील मूठभर घराण्यांचा विषय, असें मानून जिल्ह्यांतील हुशार मुलांनीं त्याकडे पाठ फिरविली, तर आमच्या वतीनें बोलणारा मनुष्य आमचा कांदा चाळींत कसा ठेवतात हेंही न पाहिलेला असणार.

या विद्येचा जन्म कसा झाला हें मुलांनीं जाणून घ्यावें. वेल्समधील ॲबरिस्टविथ या समुद्रकांठच्या लहानशा गांवांतील कॉलेजांत १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय राजकारणाचें जगांतील पहिलें अध्यासन स्थापन झालें. कोळशाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या घराण्यांतील डेव्हिड डेव्हिस व त्यांच्या दोन बहिणींनीं त्यासाठीं वीस हजार पौंड दिले, आणि पहिल्या महायुद्धांत पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ दिले. म्हणजे मेलेल्या मुलांच्या आठवणींतून हा विषय जन्मला. पुन्हां अशीं मुलें मरूं नयेत ही त्यामागची इच्छा. ती इच्छा सफल झाली काय? नाहीं. वीस वर्षांत दुसरें महायुद्ध आलें, आणि त्याच अध्यासनावर बसलेल्या ई. एच. कार यांनीं १९३९ सालीं 'द ट्वेंटी इयर्स क्रायसिस' हा ग्रंथ लिहून, नुसत्या सदिच्छेवर शांतता उभी राहत नाहीं, असें आपल्या पूर्वसूरींस बजाविलें. ज्या विषयाच्या पहिल्याच आसनावरून त्याच विषयाच्या भोळेपणावर असा प्रहार होतो, त्या विषयांत कांहीं प्रामाणिकपणा आहे असें मी समजतों.

आपल्या देशांत १९५५ सालीं दिल्लीच्या सप्रू हाउसमध्यें इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही संस्था निघाली. १९७० सालीं ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत सामील झाली. पुण्याच्या विद्यापीठांत राज्यशास्त्राचा विभाग आहे व संरक्षणशास्त्राचाही आहे. तेव्हां सोय नाहीं असें नाहीं.

परंतु प्रत्येक मुलानें हा विषय घ्यावा असें माझें म्हणणें नाहीं. मोबाइलवर रोज रात्रीं युद्ध जिंकणारीं मुलें मी पाहतों. त्यांस शत्रु कोण हें ठाऊक असतें. त्या शत्रूच्या देशांत पाऊस किती पडतो, तेथें कोणती भाषा बोलतात, त्यांच्या शाळेंत इतिहास कोणता शिकवितात, हें ठाऊक नसतें व जाणण्याची इच्छाही नसते. असा मुलगा या वर्गांत गेला तर पहिल्या सहा महिन्यांत कंटाळेल. तेथें गर्जना करावयाच्या नसतात. तहाचीं कलमें, व्यापाराचे आंकडे, नद्यांचे नकाशे व न्यायालयांचे निकाल वाचावयाचे असतात. आणि विरुद्ध पक्षाची बाजू अशी मांडावी लागते कीं, त्या पक्षाच्या मनुष्यानें ती ऐकून "होय, आमचें म्हणणें हेंच" असें म्हणावें. माझी परीक्षा हीच आहे. जो मुलगा वर्गांतल्या भांडणांत स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याचें म्हणणें न वांकवितां सांगूं शकतो, त्यास या विषयाचें अंग आहे. गुण थोडे कमी असले तरी चालतील.

भाषेविषयीं दोन शब्द. हा अभ्यास पुढें बहुतेक इंग्रजींतून करावा लागतो. मराठींत या विषयावरील भरीव ग्रंथ अजून थोडे आहेत. म्हणून आमच्या मुलांनीं इंग्रजी तर पक्कें करावेंच, पण एवढ्यावर थांबूं नये. परराष्ट्र सेवेंत घेतलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यास एक परकी भाषा शिकावीच लागते. रशियन, चिनी, अरबी या भाषा थोर आहेत; परंतु शेजाऱ्यांच्या बंगाली, नेपाळी, सिंहली या भाषांकडे आमचें इतकें दुर्लक्ष कां, हें मला कधीं कळलें नाहीं. आपला कांदा ढाक्यास जातो. आपल्यांतील किती जणांस बंगाली येतें?

मुलींच्या आईबापांस निराळी भीति असते: परगांव, वसतिगृह, आणि पुढें लग्न. सी. बी. मुथम्मा या कोडगूच्या बाई १९४९ सालीं परराष्ट्र सेवेंत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री होत. त्या काळीं नियम असा होता कीं, स्त्री अधिकाऱ्यानें लग्नापूर्वीं सरकारची लेखी परवानगी घ्यावी, व लग्नानंतर तिच्या कामांत संसाराची आडकाठी येते असें वाटल्यास सरकारनें तिला राजीनामा देण्यास सांगावें. पुरुषांस असा नियम नव्हता. बाईंनीं बढतीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयांत धाव घेतली, आणि १९७९ सालीं न्यायालयानें त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. ज्या दरवाजाचें कुलूप एका बाईनें इतक्या कष्टानें काढलें, तो आपल्या मुलीसाठीं आपणच घरांतून कां बंद करावा?

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. माझा सल्ला असा कीं, पहिली पदवी नाशकांतच किंवा फार तर पुण्यास घ्यावी. राज्यशास्त्राबरोबर इतिहास व अर्थशास्त्र घ्यावें, आणि जमल्यास कायद्याचाही अभ्यास करावा. तीन वर्षांनीं आवड टिकली तर दिल्लीचा विचार करावा. सरकारी विद्यापीठांची फी खाजगी संस्थांच्या मानानें बेताची असते. आवड न टिकली तरी निर्यातदारांच्या पेढ्या, वर्तमानपत्रें, वकिली, शिक्षकाचा पेशा या वाटा मोकळ्या राहतात. पगार पहिल्या दिवसापासून संगणकवाल्या शेजाऱ्याइतका मिळेल असें मात्र कोणत्याही पालकास मी सांगणार नाहीं.

जातां जातां शाळेच्या ग्रंथालयाविषयीं एक विनंति. आमच्या कपाटांतील मोठ्या ॲटलासांत सोव्हिएट संघ अद्याप एकसंध आहे, युगोस्लाव्हिया नांदत आहे व दक्षिण सूदान जन्मलेंच नाहीं. मुलें तो उघडून हंसतात व मिटून ठेवितात. तो ॲटलास टाकून देऊं नये, त्यावरूनही एक उत्तम तास घेतां येतो. परंतु त्याच्या शेजारीं एक नवा हवा. माजी विद्यार्थ्यांपैकीं जे आज दुबईस, लंडनला किंवा सिंगापुरास आहेत, त्यांनीं तेथल्या शाळेंत चालणारें इतिहासाचें एकेक पाठ्यपुस्तकही त्याबरोबर पाठविलें तर मी तें जूनपासून अकरावीच्या वर्गांत वाचावयास देईन.